साथ आली तर शेळ्या-कोंबड्यांचा उपक्रम बंद ठेवायचा का?

प्रश्न : आम्ही करावे गावातले. सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा गावातले गोठे गेले, भातशेती गेली. आता गावठाणात मोजक्या घरी कोंबड्या उरल्या आहेत. माझे आजोळ खाडीपलीकडे, उरण तालुक्यात. तिथल्या आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी आमच्या मंडळाने पशुपालनाचा उपक्रम योजला आहे. प्रत्येकाला दोन शेळ्या किंवा डझनभर गावठी तलंगा द्यायच्या, वर्षभर हिशेब ठेवायला लावायचा आणि शेवटी गावात प्रदर्शन भरवायचे. पण जानेवारी २०२५मध्ये त्याच तालुक्यात चिरनेरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून पालक बिचकतात. ‘कोरोनासारखे पुन्हा काही आले तर?’ हा त्यांचा प्रश्न आहे. कोरोनात महाराष्ट्रात असे काम कुणी चालू ठेवले होते का? साथीच्या दिवसांत मुलांना जनावरांजवळ जाऊ द्यावे का?

— एक वाचक, करावे, नवी मुंबई

उत्तर : साथीत प्रदर्शन रद्द करता येते, बैठक पुढे ढकलता येते, प्रशिक्षणवर्ग फोनवर घेता येतो. शेळीचे पाणी पुढे ढकलता येत नाही. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे. उपक्रमातली कोणती कामे माणसे जमवून होतात आणि कोणती एकट्याने घरी होतात, याची फोड पहिल्या दिवशीच केलेली असेल, तर साथीत जमण्याची कामे थांबतात आणि उपक्रम चालू राहतो. ही फोड नसेल तर मात्र सगळेच एकदम कोलमडते आणि त्याचा भार घरातल्या आईवर किंवा आजीवर पडतो.

२५ मार्च २०२०ला देशभर २१ दिवसांची टाळेबंदी लागली, तेव्हा सरकारनेही हीच फोड केली होती. चाऱ्याची दुकाने आणि पशुवैद्यकीय दवाखाने यांना सुरुवातीच्या आदेशांतच सूट होती. १५ एप्रिलच्या सूचनांमध्ये तर दूध संकलन, कुक्कुटपालन, अंडी उबवणी केंद्रे, पशुखाद्याचे कारखाने आणि गोशाळा यांचा नावानिशी उल्लेख करून परवानगी दिली होती. शहरातली हॉटेले, चहाच्या टपऱ्या आणि मिठाईची दुकाने बंद पडल्यामुळे दूध उरू लागले, तेव्हा राज्य सरकारने दररोज दहा लाख लिटर दूध लिटरला २५ रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना आणली. गाय दूध द्यायची थांबत नाही, हे त्या काळात मंत्रालयापर्यंत सगळ्यांना मान्य करावे लागले.

पण पशुपालकांना पहिला फटका टाळेबंदीने दिला नव्हता. तो अफवेने दिला, आणि तुमच्या उपक्रमासाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे असे मला वाटते. फेब्रुवारी २०२०मध्ये, महाराष्ट्रात कोरोनाचा एकही रुग्ण सापडलेला नसताना, कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो असे संदेश फोनवरून फिरू लागले. त्याला कसलाही आधार नव्हता. पशुसंवर्धन खात्याने तसे जाहीर केले, तज्ज्ञांनी सांगितले, काही ठिकाणी लोकांसमोर चिकन खाण्याचे कार्यक्रमही झाले. तरी मार्चपर्यंत जिवंत पक्ष्यांचा भाव काही ठिकाणी किलोला दहा-पंधरा रुपयांवर आला. उत्पादन खर्च याच्या कितीतरी पट होता. काहींनी पक्षी फुकट वाटले, काहींनी खड्डे करून पुरले. ज्या तरुणांनी नुकतेच कर्ज काढून शेड उभारले होते, त्यांचे हाल आठवले की आजही जीव कळवळतो.

म्हणून मुलांसाठी जनावर निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारीन : ते जनावर थांबू शकते का? विक्री तीन-चार आठवडे लांबली तर ते मुलाला कर्जात ढकलेल का?

ब्रॉयलर थांबू शकत नाही. साधारण सहा आठवड्यांत तो दोन किलोंचा होतो आणि तोवर साडेतीन किलोंच्या आसपास खाद्य खातो. त्यानंतर खाणे चालूच राहते, वजन मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. समजा, दोनशे पक्षी विक्रीला तयार झाले आणि त्याच दिवशी २१ दिवसांची टाळेबंदी लागली. एका पक्ष्याचे दिवसाला दीडशे ग्रॅम धरले तरी रोज तीस किलो, म्हणजे २१ दिवसांत सहाशे तीस किलो खाद्य लागते. पन्नास किलोंची बारा-तेरा पोती झाली ही. नववीतल्या मुलाने ती कुठून आणायची? उलट गावठी कोंबडी अंगणात, उकिरड्यावर, परसात वेचून बरेचसे पोट भरते. मधल्या काळात अंडी देते, आणि अंडी शेजारीपाजारी खपतात. शेळीही थांबते. झाडपाला, बांधावरचे गवत, भाताचा पेंढा यांवर ती महिना-दोन महिने काढते आणि पाच महिन्यांच्या गाभणकाळात ती टाळेबंदीचे दिवस मोजत बसत नाही. तुम्ही गावठी कोंबड्या आणि शेळ्याच निवडल्या आहेत, ही निवड योग्य आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. बकरी ईदसाठी वर्षभर बोकड वाढवायचा, हा हिशेब तुमच्या मुलांना मोहात पाडेल, कारण देवनारचा बाजार जवळ आहे आणि भावही चांगला येतो. पण त्या विक्रीची तारीख ठरलेली असते. २०२०ची बकरी ईद १ ऑगस्टला होती. राज्य सरकारच्या सूचना आल्या त्या जेमतेम पंधरा दिवस आधी : जनावरांचे बाजार बंद, खरेदी ऑनलाइन किंवा फोनवरून, आणि शक्यतो प्रतीकात्मक कुर्बानी. वर्षभर त्या एका आठवड्याकडे डोळे लावून बसलेल्या शेळीपालकांची पंचाईत झाली. मुलांनी बोकड जरूर वाढवावेत, पण सगळेच बोकड एका सणावर लावू नयेत.

आता, महाराष्ट्रात हे काम कुणी केले?

अमेरिकेतल्या ‘फोर-एच’सारखी, शाळकरी मुलांनी एकेक जनावर वाढवून जत्रेत मिरवायची देशव्यापी संघटना आपल्याकडे नाही. पण मुलांना पशुपालन शिकवण्याची भक्कम परंपरा पुणे जिल्ह्यात पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ या विषयात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. त्यात चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. मुले कोंबड्यांना किती खाद्य घातले आणि वजन किती वाढले याचे गुणोत्तर काढतात, दातांवरून जनावराचे वय ओळखतात, आणि त्याच अभ्यासक्रमात रक्तातले हिमोग्लोबिनही तपासायला शिकतात. मला ही रचना फार मोलाची वाटते. जनावराचे आरोग्य आणि माणसाचे आरोग्य मुलाच्या एकाच वहीत येते. साथीच्या काळात नेमकी हीच वही हवी असते.

मार्च २०२०च्या मध्यापासून शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातही नववी ते बारावीचे वर्ग हळूहळू उघडायला नोव्हेंबर उजाडला. त्या काळात शाळेच्या आवारात सामाईक शेड असणे ही अडचण होती. यातून तुमच्यासाठी धडा सरळ आहे : जनावरे मुलांच्या घरी ठेवा. सामाईक शेड दिसायला छान, उद्घाटनाला सोयीचे, फोटोला उत्तम. पण रस्ते बंद झाले की शेडजवळ राहणाऱ्या दोन मुलांवर सगळ्यांची जनावरे येऊन पडतात.

दुसरे उदाहरण कृषी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांचे. शेवटच्या वर्षाला त्यांना ग्रामीण कृषी कार्यानुभव करावा लागतो. गावोगावी ‘कृषीदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून येणारी मुले ती हीच. एरवी हे विद्यार्थी गटाने एखाद्या गावात जाऊन राहतात. कोरोनात ते शक्य नव्हते, म्हणून बहुतेकांनी हा अनुभव आपापल्या गावात घेतला. कुणी जनावरांच्या लसीकरणाला मदत केली, कुणी मुरघास करून दाखवला, कुणी निकृष्ट चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया, कुणी अझोलाचा वाफा. प्राध्यापकांना अहवाल फोनवरून जात होते. या बदलात एक कमावलेली गोष्ट होती : मुलगा स्वतःच्याच गोठ्यात आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात शिकवू लागला, त्याचे बोलणे गावाला परके वाटेना. एक गमावलेलीही होती. फोटो पाठवला की काम झाले, असा समज पसरला. फोटोत शेळी उभी दिसते. ती दोन दिवस रवंथ करत नाही, हे फोटोत दिसत नाही.

म्हणून मार्गदर्शन फोनवरून करायची वेळ आलीच, तर फोटोऐवजी आकडे मागवा. शेळीसाठी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत मोजायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६० : साधारण वजन किलोत मिळते. घेर २८ इंच आणि लांबी २६ इंच असेल तर शेळी सुमारे ३१ किलोंची. दर रविवारी हा एक आकडा, रोज खाल्लेला चारा, लेंड्या घट्ट की पातळ आणि अंड्यांची संख्या एवढे वहीत लिहून फोनवर वाचून दाखवले, तरी जाणकाराला घरबसल्या कळते की कुठे बिघडते आहे. साध्या फोनवरही हे चालते, त्यामुळे स्मार्टफोन नसलेली मुलगी मागे राहत नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण टाळेबंदीत गावाकडे घरातला एकुलता एक फोन अनेकदा मुलग्याच्या हाती असे.

आता पालकांच्या खऱ्या भीतीकडे वळू. कोरोना माणसाकडून माणसाला होणारा आजार होता. तिथे कोंबडी निर्दोष होती. बर्ड फ्लूचे तसे नाही. तो पक्ष्यांचा आजार आहे, पण आजारी पक्ष्यांच्या अगदी जवळच्या संपर्कातून माणसाला क्वचित होऊ शकतो. त्यामुळे दोन्ही साथींना एकच नियम लावता येणार नाही, आणि पालकांना ‘काही होत नाही हो’ असे सांगून वाटेला लावणेही बरोबर नाही.

भारतात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो महाराष्ट्रातच, फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१मध्ये, कोरोनाची साथ चालू असतानाच, परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात बचत गटाच्या शेडमधल्या सुमारे आठशे कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी रोगाच्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवली जाते. चिरनेरलाही हीच कार्यपद्धती होती. तुमच्या मुलांनी डझनभर तलंगा जीव लावून वाढवल्या आणि शेजारच्या आळीत रोग निघाला, तर त्यांच्या धडधाकट कोंबड्याही जातील. हे मुलांना आधी सांगा. ऐन वेळी सांगितले तर मुले कोंबड्या पलंगाखाली लपवतात, आणि त्यातूनच रोग घरात शिरतो.

नुकसानभरपाईचा नियमही त्यांना समजावून द्या. सरकार भरपाई देते ती नष्ट केलेल्या पक्ष्यांची; आधीच मेलेल्यांची देत नाही. म्हणजे जो लवकर कळवतो त्याचे नुकसान कमी होते आणि जो लपवतो त्याचे सगळेच जाते. शिवाय २००९च्या कायद्याने अनुसूचित सांसर्गिक रोगाचा संशय आल्यास कळवणे मालकाला बंधनकारक आहे. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या, तुरे-गलोल निळे पडले, डोके सुजले, अंडी अचानक बंद झाली, तर मेलेल्या पक्ष्याला मुलांनी हात लावू नये. मोठ्या माणसाने १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करावा. मानमोडी या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगाचीही लक्षणे तशीच असू शकतात, म्हणून मानमोडीची लस वेळेवर दिलेली असणे दुहेरी उपयोगाचे. तो रोगही टळतो, आणि मरतुक झालीच तर संशय लवकर दुसरीकडे वळतो.

मुलांना जनावरांजवळ जाऊ द्यावे का, याचे उत्तर अमेरिकेतल्या एका घटनेतून नीट समजते. २०१२मध्ये तिथे डुकरांमधल्या फ्लूचा एक प्रकार माणसांत आला. ३०९ रुग्ण सापडले. त्यांत बहुतेक मुले होती, आणि बहुतेकांचा संबंध कृषी जत्रांमधल्या डुकरांशी आला होता. मुलांनी डुकरे पाळणे तिथे बंद झाले नाही. जत्रेचे नियम बदलले : जनावरे जत्रेत कमी दिवस ठेवायची, त्यांच्या मांडवात खाणेपिणे नाही, पाच वर्षांखालच्या मुलांनी आणि आजाराचा जास्त धोका असलेल्यांनी तिकडे जायचे नाही, आजारी जनावर आणायचेच नाही. घरच्या गोठ्यात एक मूल दोन-चार जनावरांच्या संपर्कात येते. जत्रेत वीस गावांची जनावरे आणि शेकडो माणसे एका मांडवाखाली दिवसभर एकच हवा घेतात.

आपल्याकडे गुरांच्या लम्पी रोगाच्या साथीत नेमके हेच झाले. ऑगस्ट २०२२मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, चिनावलला त्या साथीची पहिली नोंद झाली आणि सप्टेंबरमध्ये राज्यभर गुरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शने बंद झाली. लम्पी माणसाला होत नाही, तरी दूध प्यावे की नाही अशी शंका गावोगावी होतीच. त्या वेळी पशुवैद्यकीय महाविद्यालयांतली आंतरवासिता करणारी मुले लसीकरणासाठी गोठ्यागोठ्यांत फिरली. जत्रा बंद आणि तरुण कामावर, हे दोन्ही एकाच वेळी शक्य असल्याचा त्याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

तेव्हा तुमच्या योजनेत मी बदल सुचवीन तो शेवटच्या प्रदर्शनात. कोंबड्यांचे एकत्र प्रदर्शन भरवूच नका, साथ नसली तरी. परीक्षकांनी घरोघर जावे, चपला दाराशी चुन्यात बुडवाव्यात, एका घरातून दुसऱ्या घरी जाताना हात साबणाने धुवावेत. गावात मांडव घालायचाच असेल तर त्यात मुलांनी वह्या मांडाव्यात. बक्षीसही सर्वांत जड बोकडाला देण्याऐवजी सर्वांत प्रामाणिक वहीला द्या, आणि ज्या मुलीने मरतुक झाल्याचे पहिल्याच दिवशी कळवले तिचा सत्कार आधी करा.

करावे गावातही काही घरी हा उपक्रम करावा असे तुमच्या मनात असेल, तर एक स्थानिक गोष्ट विचारात घ्या. गावाच्या कडेला टी. एस. चाणक्यच्या बाजूची पाणथळ जागा आहे, हिवाळ्यात तिथे रोहित आणि इतर पाणपक्षी उतरतात. बर्ड फ्लूचा विषाणू रानटी पाणपक्ष्यांमध्ये वावरतो. रोहितांना हाकलण्याची काहीच गरज नाही, ती जागा त्यांची आहे. आपल्या कोंबड्या मात्र पाणथळीवर मोकळ्या सोडू नयेत, तिथले पाणी त्यांना पाजू नये, आणि तिथून फिरून आलेल्या चपलांनी खुराड्यात जाऊ नये. शिवाय गाव महापालिकेच्या हद्दीत आहे, म्हणून खुराडे किंवा गोठा बांधण्याआधी विभाग कार्यालयात परवानगीचे विचारून घ्या. उरणकडच्या गावांत ग्रामपंचायतीला आणि तालुक्याच्या पशुसंवर्धन विस्तार अधिकाऱ्यांना मुलांच्या नावांची यादी पहिल्याच दिवशी द्यावी. ज्यांची नोंद दवाखान्यात आहे त्यांच्यापर्यंत लस आणि सूचना आधी पोहोचतात.

पैशांचा एक नियम मात्र मोडू नका : मुलांच्या नावावर किंवा मुलांसाठी पालकांच्या नावावर कर्ज नको. पहिल्या वर्षीची जनावरे मंडळाने घ्यावीत आणि मुलांनी पुढे एकेक पाट किंवा काही पिल्ले दुसऱ्या मुलांना देऊन ती फेडावीत. शेळ्यांच्या कानात बारा अंकी बिल्ला मारून विमा काढावा. आणि प्रत्येक मुलामागे एक बदली माणूस ठरवून ठेवावा. घरात कुणी आजारी पडून सगळे विलगीकरणात गेले, तर चारा-पाणी कोण करणार, त्याचे नाव वहीच्या पहिल्या पानावर असावे. कोरोनात घरेच्या घरे चौदा दिवस बंद होती, आणि शेजारी धीट होता की भित्रा यावर कित्येक गोठ्यांचे नशीब ठरले.

पालकांची बैठक पावसाळ्यापूर्वी घ्या, कारण शेळ्यांना आंत्रविषाराची लस पाऊस सुरू होण्याआधी द्यायची असते. त्या बैठकीला तालुक्याच्या पशुवैद्यकांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना, दोघांनाही एकत्र बोलवा. पालकांच्या शंका तुम्ही निरसू नका, त्यांना निरसू द्या. आणि पहिली तलंग घरी येण्याआधी १९६२ हा क्रमांक प्रत्येक मुलाच्या दारावर खडूने लिहिलेला असू द्या.